पहिलीला फुलं, सहावीला नुसतं वेळापत्रक



उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२४ मध्ये १ जुलैला उघडल्या, २०२५ मध्ये २३ जूनला. त्या दिवशी आपण सगळेच राबतो. दारात तोरण, अंगणात रांगोळी, कुठे सजवलेल्या बैलबंडीतून मिरवणूक, पहिलीच्या लेकरांच्या हातात फूल आणि नवी पुस्तकं. त्याआधी 'पहिले पाऊल'चा शाळापूर्व तयारी मेळावाही झालेला असतो. हे सगळं व्हायलाच हवं.

पण त्याच दिवशी दुसऱ्या एका गावच्या फाटकातून अकरा-बारा वर्षांचं एक मूलही पहिल्यांदाच आत शिरत असतं. त्याला कोणी फूल देत नाही, आणि दिलं तर ते लाजेल. पहिलीनंतरचा दुसरा मोठा शाळाप्रवेश हाच, आणि त्याची तयारी आपण जवळजवळ करतच नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

गिरड म्हटलं की बाहेरच्यांना टेकडीवरचा बाबा फरीदचा दर्गा आठवतो. आम्हा शिक्षकांना सकाळची एसटी आठवते. लहान गावची शाळा कुठे चौथीला संपते, कुठे पाचवीला, कुठे सातवीला. मग मूल मोठ्या गावच्या शाळेत जातं. गाव बदलतं, मित्र विखुरतात, घरून निघायची वेळ बदलते. ज्यांची शाळा तीच राहते त्यांचंही सगळं बदलतंच. पाचवीपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक दिवसभर वर्गात असतो. मुलाचा चेहरा पाहून आज याने डबा खाल्ला नाही, हे त्याला कळतं. सहावीत तास सुरू होतात. पाचवीतला 'परिसर अभ्यास' विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल असा फुटतो, आणि प्रत्येकाची वही वेगळी होते. मी पाचवीला शिकवते. जुनी मुलं जुलैत भेटायला येतात तेव्हा हमखास ऐकू येतं, "मॅडम, तिथं दर तासाले वेगळेच सर येते. मंग विचारावं कोनाले?"

हा प्रश्न मला अभ्यासाच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा महत्त्वाचा वाटतो. अपूर्णांक न कळलेलं मूल शाळा सोडत नाही. विचारायला कोणी नसलेलं मूल आधी मागच्या बाकावर जातं, मग आठवड्यातून दोन दिवस घरी राहतं. सुरुवातीला कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण प्रत्येक सरांना वाटतं, दुसऱ्या कुणाला तरी माहीत असेल. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. फेरपरीक्षेतही जमलं नाही तर त्याच वर्गात थांबावं लागतं. सहावीत हरवलेलं मूल आठवीत असं पकडलं जातं, तोवर दोन वर्षं गेलेली असतात.

गंमत म्हणजे या वयात शरीर बदलतं हे सरकारी हिशेबाला ठाऊक आहे. पोषण आहारात पाचवीपर्यंत रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावीपासून १५० ग्रॅम. पोटासाठी अर्धशेर-पावशेराचा विचार झाला, मनासाठी काहीच नाही!

आपल्या जिल्ह्याला तरी हे नवीन नसावं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि पुढे डॉ. झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा आराखडा मांडला. नई तालीम म्हटलं की आपण चरखा आणि मातृभाषा आठवतो. पण त्यात शिक्षण सात ते चौदा वयाचं, सात वर्षांचं धरलं होतं. ज्या वयात आपण आज मुलाची शाळा बदलतो, ते वय त्या आराखड्याच्या ऐन मधोमध येतं. आज प्रत्येक गावात आठवीपर्यंत शाळा काढणं आपल्या हाती नाही. पण दोन शाळांमधली फट बुजवणं हाती आहे.

सध्या त्या फटीवरून फक्त एक कागद जातो, शाळा सोडल्याचा दाखला. त्यात जन्मतारीख आहे, जात आहे, वर्तणूक 'चांगली' आहे. मूल कुठेच नाही. (आणि पालकहो, दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. लक्षात असू द्या.) माझी सूचना अशी, की पाचवीच्या वर्गशिक्षकाने प्रत्येक मुलामागे चार-पाच ओळी लिहून दाखल्यासोबत पाठवाव्यात. फळ्यावरचं लांबून दिसत नाही. वाचतो छान, पण मोठ्याने वाचायला घाबरतो. भागाकार अजून कच्चा. धाकट्या बहिणीला अंगणवाडीत पोचवून येते, म्हणून पाच मिनिटं उशीर होतो. कबड्डीत पुढे. एवढंच.

यावर एक सर म्हणाले, "असं लिहिलं की नवीन शिक्षकाच्या मनात मूल आधीच रंगून जातं." मुद्दा बरोबर आहे. म्हणून मस्तीखोर, आळशी, खोटारडा असे शब्द त्यात एकदाही येऊ नयेत. मुलाला ज्याने मदत होईल तेवढंच लिहायचं. दुसरा आक्षेप असतो, "मुलं आपोआप रुळतात." बरीचशी रुळतात, खरं आहे. चिठ्ठी उरलेल्यांसाठी आहे.

आता वरच्या वर्गांच्या शिक्षकांना एक हक्काची विनंती. पहिले पंधरा दिवस वही नाही म्हणून कोणालाही उभं करू नका. आपल्याकडे शाळा उघडते तेव्हाच पेरणी असते. सरकी, सोयाबीनचं बियाणं, खत आणि पोरांच्या वह्या हा खर्च एकाच आठवड्यात घरावर येतो, आणि वह्या मागे राहतात. आईसोबत शेतात सरकी लावायला गेलेलं मूल चार दिवस आलं नाही, तर त्याला 'गोडी नाही' म्हणू नका. बाकावरचा एक सोबती ठरवून द्या, जो राहिलेलं दाखवेल. वेळापत्रक फळ्यावर लिहून मोकळं होण्याऐवजी पहिल्या आठवड्यात रोज शेवटची दहा मिनिटं उद्याचं दप्तर कसं भरायचं यावर घालवा. सहावीच्या मुलाला हे यायला हवं, असं आपण गृहीत धरतो. त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

पायाभूत चाचणीचंही तसंच. भाषा, गणित, इंग्रजीत मूल कुठे आहे हे तिच्यातून कळतं, म्हणून ती हवीच. पण मुलांची नावंसुद्धा पाठ झालेली नसताना वर्गात गुण वाचून दाखवू नयेत. नव्या वर्गात मुलाची पहिली ओळख 'कमी गुणांचा' अशी झाली, की ती पुसायला वर्ष लागतं.

पालकांनी काय करावं? शाळा उघडण्याआधी एकदा मुलासोबत त्या शाळेपर्यंत जाऊन या. एसटी कुठे थांबते, परतीची कधी आहे, चुकली तर कोणाच्या घरी थांबायचं, हे ठरवून टाका. मुलींच्या बाबतीत तर नक्कीच, कारण एकदा संध्याकाळची बस चुकली की घरात 'पुरे झाली शाळा' ही भाषा सुरू होते. एसटीचा पास मुलींना मोफत आहे आणि २०२४ पासून पास शाळेतच देण्याची व्यवस्था झाली आहे. मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी विचारा.

आणि संध्याकाळी पोरगं घरी आलं की "आज काय शिकवलं?" हे विचारू नका. "काही नाही" असंच उत्तर येणार. "आज कोणाजवळ बसला होतास?" असं विचारा. तीन दिवस सारखं "कोणाजवळच नाही" आलं, तर चौथ्या दिवशी वर्गशिक्षकांना भेटा. पेरणीची घाई असेल तर निदान फोन तरी करा.