टीव्ही आला शेतकऱ्याच्या नावाने, गेला कोणाच्या घरी?



कापसाचा भाव आणि ज्वारीचा तोटा सोडून या अंकात टीव्हीचे पुराण कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. भाव पाडण्याचे निर्णय दिल्लीत होतात आणि त्यांची खबर शेतकऱ्याला सगळ्यात शेवटी लागते. ज्या यंत्राने ही खबर घरोघर पोचवायची, ते यंत्र आपल्याच नावाने या देशात आले आणि आपल्याच हातून गेले. ते कसे गेले, हे समजून घेतल्याशिवाय ते परत मागता येणार नाही.

कोणाच्या नावाने आला?

२६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या टीव्ही केंद्रावरून 'कृषिदर्शन' सुरू झाले. दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांत सार्वजनिक संच बसवले गेले. नवे बियाणे, खत, पाणी यांची माहिती शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसावी, हा हेतू सांगितला गेला. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेचा उपग्रह भाड्यावर नव्हे, करारावर घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले. उपग्रहावर एवढा पैसा गरीब देशाने का घालावा, या प्रश्नाला विक्रम साराभाईंचे उत्तर एकच होते : खेड्यासाठी.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज गावी याच काळात एक छोटे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. संच ठेवले दूध संस्थांत. कार्यक्रम करणारे गावात जात, माणसांना विचारत आणि मजुरी, सावकारी, जातीची उच्चनीच यांवरही कार्यक्रम करत. खेड्याला काय पाहायचे आहे हे खेड्यालाच विचारणारा असा प्रयोग या देशात पुन्हा क्वचितच झाला. १९८५ साली, लोकांचा विरोध असताना, ते केंद्र बंद केले.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम संध्याकाळी लागला की गावातल्या एकुलत्या एका संचापुढे पोरंसोरं, म्हातारेकोतारे बसत, हे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाला आठवत असेल.

कसा गेला?

१९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या निमित्ताने रंग आला, दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९८४ पासून मालिका आल्या. उपग्रह खेड्याच्या नावाने आकाशात गेला आणि क्रिकेट, सिनेमा व साबणाच्या जाहिराती घेऊन खाली उतरला.

खाजगी वाहिन्यांनी तेच अधिक वेगाने केले. ९ जुलै २००० ला ईटीव्ही मराठी सुरू झाली. सकाळी 'अन्नदाता' लागायचा. पुढे मालकी बदलली, २०१५ साली नाव बदलून कलर्स मराठी झाले. आज त्या वाहिनीची ओळख मालिका आणि 'बिग बॉस' ही आहे. नाव बदलले, रंग बदलला आणि अन्नदाता दाराबाहेर राहिला.

हे एकट्या मराठी मुलखात घडले असे नाही. अमेरिकेत १९७२ साली सरकारी मदतीने शिक्षणासाठी एक उपग्रह सेवा निघाली. पुढे तिचे नाव झाले 'द लर्निंग चॅनेल'. आज ती टीएलसी या नावाने घरगुती भांडणे आणि लग्नांचे तमाशे दाखवते. इतिहासाच्या नावाने निघालेल्या वाहिनीवर गहाणवटीचे दुकान आणि परग्रहावरचे पाहुणे दिसतात. पाटी एका मालाची आणि आत विक्री दुसऱ्याच मालाची. आपल्या आडतीत असे केले तर परवाना जातो. टीव्हीत जात नाही, कारण सरकारदरबारी वाहिनीचे प्रकार दोनच : बातम्यांची आणि बिगर-बातम्यांची. बिगर-बातम्यांत काय दाखवायचे, ते मालक ठरवणार.

२०१७ साली ट्रायने वाहिन्यांची नऊ गटांत वाटणी केली : भक्ती, मनोरंजन, माहिती, मुलांचे, सिनेमा, संगीत, बातम्या, खेळ आणि इतर. शेती हा गटच नाही. निम्म्याच्या आसपास कामकरी माणसे ज्या धंद्यावर जगतात, तो धंदा या यादीत 'इतर'!

ज्वारी जाहिरात देत नाही

कोणी म्हणेल, यात कोणाचे कारस्थान आहे? कारस्थान लागतच नाही, हिशेब पुरेसा आहे. वाहिनी चालते जाहिरातीवर. जाहिरात येते प्रेक्षक मोजून. आणि ऑक्टोबर २०१५ पर्यंत प्रेक्षक मोजण्याच्या पद्धतीत खेडी धरलीच नव्हती. बार्कने त्या महिन्यात प्रथम ग्रामीण आकडे दिले. तोवर तुम्ही संचापुढे बसलात काय आणि न बसलात काय, कागदावर तुम्ही नव्हतात.

मोजणी सुरू झाल्यावरही गणित सुटत नाही. पणदऱ्याला नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, ऊस आहे, शेजारी माळेगावचा कारखाना आहे. त्याच बारामती तालुक्यात सुपे, मोरगावकडचा पट्टा जिरायती. आता शेतीचा कोणताही कार्यक्रम आठ दिवस लक्ष देऊन पाहा आणि मोजा : ठिबक, शेडनेट, डाळिंब, द्राक्ष, ट्रॅक्टर किती वेळा आले आणि कोरडवाहू ज्वारी किती वेळा? मालदांडीचे बियाणे शेतकरी घरच्या कणगीतले पेरतो. त्यात कोणती कंपनी विकणार आणि कोणती जाहिरात देणार? ज्या पिकातून दुकानदाराला काही मिळत नाही, त्या पिकाला पडद्यावर जागा मिळत नाही.

कापसाचे उलटे. त्यात बियाण्याची कंपनी आहे, औषधाची कंपनी आहे. म्हणून कापूस दिसतो, पण फवाऱ्यासह. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. औषध विकण्यासाठी जेवढे सेकंद खर्च होतात, तेवढे ते अंगावर न घेता कसे मारावे हे सांगण्यासाठी कोणी खर्च केले, याचा हिशेब कोणत्याही वाहिनीने द्यावा.

सरकारची वाहिनी काय करते?

२०१४ च्या अर्थसंकल्पात १०० कोटी रुपये दाखवून सरकारने किसान वाहिनी जाहीर केली. २६ मे २०१५ ला डीडी किसान सुरू झाली. चोवीस तास शेती! पण ती बोलते मुख्यतः हिंदीत आणि दिल्लीहून. पंजाबचा गहू, बिहारचा भात आणि आपली काळी जमीन एकाच सल्ल्याने पिकत नाही. नऊ वर्षे झाल्यावर, २६ मे २०२४ ला, या वाहिनीने दोन संगणकी निवेदक आणले, एक क्रिश आणि एक भूमी. पन्नास भाषा बोलतात म्हणे. बोलोत बापडे. या दोघांनी ढेकूळ फोडलेले नाही, आडतीवर पट्टी घेतलेली नाही. प्रश्न किती भाषांत बोलता हा नाही. काय बोलता, हा आहे.

कारण मूळ खोट इथे आहे. पीक कसे वाढवावे हे सरकारी पडद्याने पन्नास वर्षे सांगितले. वाढवलेल्या पिकाचा भाव कसा पडतो, हे त्याने मन लावून कधी सांगितले नाही. अलीकडचेच पाहा. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामाला ८११० रुपये जाहीर केलेला. आपली बोंडे अजून फुटायची होती, आणि परदेशी गाठींना बंदराचे दार मोकळे झाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षातली सगळ्यात मोठी बातमी ती होती. त्या संध्याकाळी कोणत्या मालिकेने वाट दिली? कोणत्या वाहिनीने सांगितले की विकायचे कधी, थांबायचे किती, त्याचा विचार आजच करा?

दोन आक्षेप

पहिला : शेतकऱ्याच्या घरीच मालिका पाहतात, मग वाहिनीचा काय दोष? पाहू द्या. दिवसभर राबलेल्या बाईने तासभर मालिका पाहिली तर कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. मालिका बंद करा अशी आपली मागणी नाही. आठ पदार्थांच्या ताटात भाकरी नाही, एवढेच आपले म्हणणे आहे.

दुसरा : आता मोबाइल आहे, टीव्ही कोणाला हवा? मोबाइलवर कोणीही काहीही सांगतो. सल्ला कोणता आणि औषध खपवणे कोणते, हे तिथे ओळखणे टीव्हीपेक्षाही अवघड. आणि टीव्हीवर आपला हक्क आहे. ९ फेब्रुवारी १९९५ ला, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे ती तुमचीही आहे. गायरानावर कोणी कुंपण घातले तर आपण गप्प बसत नाही. मग इथे का बसावे?

नियम आहे, वचक नाही

बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी. नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या नियमावलीनुसार, खेळ, वन्यजीवन आणि परदेशी वाहिन्यांसारखे अपवाद सोडता, प्रत्येक खाजगी वाहिनीने रोज अर्धा तास सार्वजनिक हिताचे कार्यक्रम दाखवायचे आहेत. आठ विषय दिले आहेत. दुसराच विषय आहे शेती व ग्रामीण विकास. मध्यरात्र ते सकाळी सहा हा वेळ त्यात धरता येत नाही. दरमहा अहवालही द्यायचा आहे. पण आठांतला कोणता विषय घ्यायचा ते वाहिनी ठरवणार आणि हिशेब मागणारे कोणी नाही. ज्याचा हिशेब मागत नाहीत, तो पैसा आणि तो वेळ दुसऱ्याच्या खिशात जातो, हे सोसायटीच्या सभासदांना सांगायला नको.

म्हणून प्रत्येक गावच्या ग्रामसभेत पुढील ठराव घ्यावा आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाला, प्रसार भारतीला व आपल्या खासदाराला पाठवावा :

१. प्रत्येक मराठी वाहिनीने रोजच्या अर्ध्या तासात शेतीला किती मिनिटे दिली, याचा मासिक अहवाल लोकांसमोर मांडावा.

२. सह्याद्री वाहिनीवर रोज संध्याकाळी ठरल्या वेळी राज्यातल्या मुख्य बाजार समित्यांचे कापूस, ज्वारी, तूर, सोयाबीनचे भाव आणि आयात-निर्यातीचे त्या दिवशीचे निर्णय सांगावेत.

३. कंपनीने पैसे देऊन दाखवलेल्या शेती कार्यक्रमावर 'ही जाहिरात आहे' असे सतत लिहावे.

४. ट्रायच्या यादीत शेती हा स्वतंत्र गट करावा.

१९७९ साली शरद जोशींनी 'वारकरी' साप्ताहिक काढले, कारण शेतकऱ्याची बाजू शेतकऱ्याच्याच भाषेत सांगणारे पान दुसऱ्या कोणाकडे नव्हते. छापील पान आपण स्वतः मिळवले. हवेतली जागा तर आधीच आपली आहे, फक्त मागायची आहे. भीक नको, हवे घामाचे दाम, असे आपण म्हणतो. घामाचे दाम मिळवायचे तर बाजाराची खबर व्यापाऱ्याच्या कानावर जाते त्याच दिवशी शेतकऱ्याच्या ओट्यावर आली पाहिजे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावाच्या ठरावाची प्रत बरोबर आणावी.