पायांचा डॉक्टर आणि बोर्डाचा कागद

आपल्या मंडळींत पायाचं दुखणं हे दुखणं म्हणून फारसं कुणी धरतच नाही. भेगांना कोकमतेल, कुरुपाला बिब्बा, नाहीतर दाढीचं ब्लेड घेऊन बसायचं! तिकडे आईवडिलांनी हेच केलं, इथे बाथरूमचं दार लावून आपणही तेच करतो. पण आपल्याकडे घरोघरी मधुमेह आहे. बधिर झालेल्या पायावर बिब्ब्याचा फोड उठला तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून आठवडाभर कुणी बघत नाही. पाय गमावण्याची सुरुवात पुष्कळदा अशीच होते.

मग कुणीतरी सुचवतं, "पोडायट्रिस्टकडे जा." त्यावर ठरलेला प्रश्न: "पण तो खरा डॉक्टर असतो का हो?" हा प्रश्न आम्ही इतक्या दिवाणखान्यांत ऐकला आहे, की एकदा या पानावर त्याचा निकाल लावावा म्हटलं. त्यात आपली काही मुलंमुलीही या शिक्षणाकडे वळतात आणि त्यांच्या आईबाबांना गणपतीच्या जेवणात "एम.डी.ला नंबर नाही का लागला?" हे ऐकावं लागतं. हे काही बरं नव्हे.

डी.पी.एम. ही पदवी एम.डी.हून वेगळी आहे, हे खरं. कॉलेजनंतर चार वर्षं पोडायट्रीचं मेडिकल शिक्षण, मग तीन वर्षं रेसिडेन्सी. भारतात पाय दुखला की जनरल सर्जन नाहीतर ऑर्थोपेडिक गाठायचा, म्हणून आपला गोंधळ. इथेही त्यांना मान सुखासुखी मिळालेला नाही. 1912 साली त्यांची राष्ट्रीय संघटना निघाली तेव्हा ते 'कायरोपोडिस्ट' म्हणवत. मेडिकेअरने त्यांना त्यांच्या कामापुरतं 'फिजिशियन' मानलं ते 1967च्या दुरुस्तीनंतर.

खरं विचारायला हवं ते वेगळंच. लायसन्स राज्य देतं. त्याशिवाय दवाखानाच थाटता येत नाही. बोर्ड सर्टिफिकेशन ऐच्छिक असतं, पण ऑपरेशनची मुभा देताना हॉस्पिटलं ते बघतात. व्यवसायाच्या शिक्षण-परिषदेने मान्य केलेली बोर्डं दोन: 'अमेरिकन बोर्ड ऑफ फूट अँड अँकल सर्जरी' आणि 'अमेरिकन बोर्ड ऑफ पोडायट्रिक मेडिसिन'. पहिलं शस्त्रक्रियेचं, त्यातही पाऊल आणि घोटा-टाचेची मोठी दुरुस्ती यांची सर्टिफिकेटं निराळी. 'बोर्ड क्वालिफाइड' लिहिलं असेल तर ती आधीची पायरी. मान्यता नसलेली बोर्डंही आहेत, तेव्हा फ्रेम बघून भुलू नये. मान्य असलेल्या दोघांत कुणी काय कापावं यावरून कुरबूर चालते, त्यात आपण पडायला नको. आपण एवढंच विचारायचं: कुठल्या बोर्डाचं सर्टिफिकेट, आणि हे ऑपरेशन करायची परवानगी कुठल्या हॉस्पिटलात आहे? आजींची नखं आणि जखमा बघायला मेडिसिनचं बोर्ड उत्तम. घोट्याचं हाड बसवायचं असेल तर मात्र पहिल्या बोर्डाचं नेमकं सर्टिफिकेट पाहा.

एक गंमत सांगतो. आपले हुशार चिरंजीव इंटरनेटवर एम.डी. मंडळींच्या चोवीस बोर्डांच्या यादीत नाव शोधतात, ते सापडत नाही आणि आजींची अपॉइंटमेंट रद्द! अहो, ती यादीच वेगळी. पोडायट्रिस्ट तिच्यात असतच नाही. त्या दोन बोर्डांकडेच चौकशी करावी.

ज्यांना मेडिकेअर आहे त्यांच्यासाठी थोडं आणखी. मधुमेहाने पायाची संवेदना गेली असेल, तर दर सहा महिन्यांनी पायांची तपासणी मिळते. पायांची अवस्था त्यांच्या नियमांत बसत असेल तर वर्षाला खास बुटांचा एक जोडही. बूट पोडायट्रिस्ट लिहून देऊ शकतो. त्यांची गरज असल्याचा दाखला मात्र मधुमेहावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच लागतो. तेव्हा दोन्हीकडचे कागद घेऊनच दुकानात जावं, नाहीतर हेलपाटा ठरलेला.