डोळे मिटा, सिनेमा ऐका!

कानात हेडफोन घालून दिवसभर एक्सेल शीट भरणाऱ्या तमाम जनतेला या आठवड्याचा होमवर्क : 'इफ बील स्ट्रीट कुड टॉक'. २०१८चा सिनेमा. दिग्दर्शक बॅरी जेन्किन्स, म्हणजे आपला 'मूनलाइट'वाला. संगीतही 'मूनलाइट'वाल्याचंच, निकोलस ब्रिटेल. आधी साउंडट्रॅक ऐका, मग सिनेमा बघा. उलट केलंत तरी चालेल, पण एकावर थांबू नका.

गोष्ट जेम्स बाल्डविनच्या १९७४च्या कादंबरीवरची. जागा न्यूयॉर्कमधलं हार्लेम. (बील स्ट्रीट खरं तर मेम्फिसला आहे, पण ते असू दे.) टिश १९ वर्षांची, फॉनी २२चा. लहानपणापासूनची दोस्ती, मग प्रेम. दोघंही कृष्णवर्णीय, आणि पोलिसांना तेवढं पुरतं. न केलेल्या बलात्काराच्या आरोपात फॉनी आत जातो आणि इकडे टिशला दिवस गेलेले असतात. ही गोड बातमी ती त्याला देते तुरुंगातल्या काचेच्या अलीकडून, फोनवर.

आता अशा गोष्टीला आपल्याला कसलं म्युझिक अपेक्षित असतं? रडकी व्हायोलिन्स, नाहीतर धडधडणारे ड्रम्स. जेन्किन्सच्या डोक्यात मात्र सुरुवातीला होती फक्त ब्रास. ट्रम्पेट, फ्लूगलहॉर्न, फ्रेंच हॉर्न अशी मंडळी. ब्रास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर थेट लग्नाची वरात येते, ती जरा बाजूला ठेवा. फ्लूगलहॉर्न म्हणजे ट्रम्पेटचा मवाळ चुलतभाऊ; ओरडत नाही, कानाशी येऊन बोलतो. ब्रिटेलने या वाद्यांसाठी बरंच काही लिहिलं. पण ते चित्रांबरोबर लावून पाहिल्यावर काहीतरी कमी वाटायला लागलं. ते 'काहीतरी' सापडलं तारांच्या वाद्यांत, खास करून चेलोत. मग या सिनेमाला त्याचा आवाज मिळाला : खाली चेलोंचा गडद, उबदार थर आणि त्यावर जॅझच्या अंगाने रेंगाळत, मध्येच श्वास घेत जाणारी हॉर्न्स. ऑर्केस्ट्रा आहे, पण टाय लावून बसलेला नाही!

ट्रॅक्सची नावं बघा : 'अगापे', 'एरॉस', 'फिलिया', 'स्टोर्गे'. प्रेमासाठी असलेले चार ग्रीक शब्द. निरपेक्ष माया, शरीराची ओढ, दोस्ती, घरच्यांचा जिव्हाळा.

आता डॅनियलचा सीन. इथे पॉपकॉर्न खाली ठेवायचं. फॉनीचा जुना मित्र डॅनियल (ब्रायन टायरी हेन्री, काय नट आहे राव!) त्याच्याकडे येतो. बिअर, सिगारेटी, हसणं-खिदळणं. माइल्स डेव्हिसचं 'ब्लू इन ग्रीन' वाजतंय. १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बममधलं, सिगारेटच्या धुरासारखं तरंगणारं. हळूहळू डॅनियल बोलायला लागतो. गाडी चोरल्याच्या आरोपाखाली तो दोन वर्षं तुरुंगात काढून आलाय, आणि त्याला गाडी चालवताच येत नाही! तो बोलत राहतो, माइल्स मागे सरकतो आणि खालून एक घरघर वर येते. आधी वाटतं, आपल्या हेडफोनचाच काहीतरी लोचा झालाय. पण तसं नाही. टिश आणि फॉनीच्या प्रेमाच्या प्रसंगातले तेच चेलो ब्रिटेलने घेतलेत आणि ते वाकवून, खाली ओढून, पार विद्रूप केलेत. नवी भीतीदायक धून बनवायच्या फंदात तो पडलाच नाही. ज्या सुरांवर दोघांनी एकमेकांना जवळ घेतलं, त्याच सुरांची तुरुंगाने काय वाट लावली ते तो आपल्याला ऐकवतो. फॉनीला अजून अटक व्हायचीय आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला नाही. पण आपल्या पोटात खड्डा पडलेला असतो.

सगळंच असं जमलंय का? नाही. काही ठिकाणी तारा इतक्या गोड होतात की संतापाला जागाच उरत नाही. प्रत्येक फ्रेम इतकी देखणी, तिला इतकं देखणं संगीत... थोडा खडबडीतपणा चालला असता. बाल्डविनची कादंबरी याहून चिडलेली आहे.

ऑस्करसाठी या स्कोअरला नॉमिनेशन होतं. २०१९मध्ये बाहुली मात्र गेली 'ब्लॅक पँथर'च्या लुडविग योरानसनकडे. टिशच्या आईचं काम करणाऱ्या रेजिना किंगला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं, आणि इंडिपेंडंट स्पिरिट अवॉर्ड्समध्ये हाच सर्वोत्कृष्ट सिनेमा ठरला. तेव्हा अगदीच अन्याय झाला असं म्हणता येणार नाही. पण 'ब्लॅक पँथर'ची धून ऐकून तुम्ही जिममध्ये दोन किलो जास्त उचलाल, 'एरॉस' ऐकून वजन खाली ठेवून बसून राहाल.

तर करायचं एवढंच : रात्री 'एरॉस' ऐका आणि त्यानंतर लगेच डॅनियलचा सीन लावा. फक्त लोकलमध्ये नको. चेलोचे खालचे सूर त्या खडखडाटात ऐकूच येत नाहीत.