बोट घेऊ नका, गळ टाका

यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाची वडी हातात घेऊन एका कोपऱ्यात उभा होतो. मंडळातले एक स्नेही जवळ आले आणि जरा हळू आवाजात म्हणाले, "वर्षअखेर रिटायर होतोय. बास फिशिंग सुरू करावं म्हणतो. एक सेकंडहँड बोट बघून ठेवली आहे, चांगली स्वस्तात मिळते आहे. तुमचं काय मत?"

मी विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का?"

ते हसले. "छे हो! बोटीत बसायचं, पोहायचं कशाला?"

तेवढ्यात जेवणाची हाक आली आणि विषय तिथेच राहिला. पण घरी येताना गाडीत मला राहून राहून त्यांचं ते हसणं आठवत होतं. त्यांना द्यायचं उत्तर असं दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. ते आज इथे देतो, कारण न्यू जर्सीत आपल्यापैकी अनेकजण आता त्याच वयात आले आहेत.

माझं मत आधीच सांगतो. बास फिशिंग जरूर करा. पण पहिली तीन वर्षं बोट घेऊ नका. आणि पाण्यावर जाल तेव्हा लाइफ जॅकेट अंगात घाला. नुसतं जवळ ठेवू नका.

माझी सुरुवात झाली ती २००८ साली, डॉक्टरांमुळे. रक्तातली साखर सीमारेषेवर आली होती. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकार इतरांपेक्षा लवकर आणि कमी वजनातही गाठतात, हे तुम्ही या पानावर अनेकदा वाचलं असेल. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी उत्साहाने ट्रेडमिल आणली आणि महिन्याभरात सौ. त्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागली. शेवटी शेजारच्या निवृत्त पोस्टमन आजोबांनी एका शनिवारी पहाटे मला काउंटी पार्कच्या तळ्यावर नेलं आणि त्यांचा एक जुना रॉड हातात दिला.

काठावरून मासे धरणारा माणूस एका जागी बसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. चार वेळा गळ टाकायचा, दहा पावलं पुढे जायचं, पुन्हा टाकायचा. दोन-तीन तासांत तळ्याला दोन फेऱ्या होतात आणि आपण व्यायाम केला हे लक्षातही येत नाही. दीड वर्षात माझा ए-वन-सी ६.३ वरून ५.८ वर आला. त्याचं सगळं श्रेय माशांना देत नाही, सौ.ने भात निम्म्यावर आणला होता, त्याचाही वाटा आहे. पण पहाटे साडेपाचला मला अंथरुणातून उठवणं ना डॉक्टरांना जमलं ना सौ.ला. ते त्या माशाने केलं.

मासा म्हणजे लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कुशीवरून गेलेला काळपट पट्टा आणि डोळ्याच्याही मागे जाणारा जबडा. तो उघड्या पाण्यात फिरत बसत नाही. पडलेलं झाड, पाणवनस्पतींची कड, धक्क्याखालची सावली अशा आडोशाला दबा धरून असतो. म्हणजे काठाजवळच. नवखे लोक काय करतात? जोर लावून गळ तळ्याच्या मधोमध फेकतात. आजोबा म्हणायचे, काठावरचा माणूस मध्यावर फेकतो आणि बोटीतला माणूस काठावर फेकतो. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

सामान किती लागतं? स्पिनिंगचा रॉड आणि रील मिळून साठ डॉलर. आठ ते दहा पौंडांचा तंगूस, थोडे गळ, रबरी गांडुळांचं एक पाकीट आणि एक लांब चिमटा मिळून चाळीस. गांडूळ बरोबर मधोमध गळात ओवायचं, आडोशाजवळ टाकायचं आणि काहीही न करता बुडू द्यायचं. नजर तंगुसावर ठेवायची. तो जरा उडाला किंवा बाजूला सरकू लागला, की मासा लागला. सगळ्यात अवघड भाग म्हणजे काही न करणं. आपल्या लोकांना ते शिकायला एक उन्हाळा लागतो.

लायसन्स मी शेवटचं काढलं तेव्हा राज्यातल्या रहिवाशाला २२.५० डॉलर पडत होते. ते ३१ डिसेंबरला संपतं, म्हणून काढायचं तर वर्षाच्या सुरुवातीला काढा. सत्तरी ओलांडलेल्या रहिवाशांना आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना गोड्या पाण्यात ते लागत नाही. दुकानदार ट्राउटचा वेगळा स्टँप पुढे करील. नुसत्या बाससाठी तो लागत नाही. लायसन्सचे पैसे वाया गेले असंही समजू नका. १९५० च्या एका फेडरल कायद्यानुसार मासेमारीच्या सामानावर बसणारा कर राज्यांकडे परत येतो आणि तळी व मासे राखण्यावर खर्च होतो. राज्याचा वाटा ठरताना लायसन्सधारकांची संख्याही मोजली जाते.

आता बोटीची गोष्ट. ती सांगताना मला अजून लाज वाटते.

२०११ साली मी चौदा हजार डॉलरला एक वापरलेली बास बोट घेतली, घरावरच्या कर्जातून. सौ.ने एकच प्रश्न विचारला, "माशांना कळणार आहे का तुम्ही कशात बसलात ते?" मी ऐकलं नाही. तीन वर्षांनी ती साडेआठ हजाराला विकली, म्हणजे साडेपाच हजार तिथेच गेले. विमा, रजिस्ट्रेशन, हिवाळ्यात ठेवायची जागा, इंजिनची देखभाल, ट्रेलरचे टायर मिळून तीन वर्षांत ५,७०० गेले. कर्जाचं व्याज सुमारे १,४००. एकूण १२,६००. आणि तीन वर्षांत पाण्यावर किती वेळा गेलो? एकतीस वेळा! म्हणजे एका फेरीला चारशे डॉलरच्या वर. हेच पैसे मुलीच्या ५२९ खात्यात गेले असते, तर कॉलेजच्या पहिल्या सेमिस्टरला माझी धावपळ झाली नसती.

बोटीशिवाय मोठा मासा मिळत नाही, असं कोणी सांगितलं तर त्याला जॉर्ज पेरीची गोष्ट सांगा. २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात या तरुणाने २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. मंदीचे दिवस. त्याच्याकडे घरी ठोकून केलेली होडी होती आणि दोन मित्रांत मिळून एकच रॉड. मासा त्याने घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्या विक्रमाची बरोबरी केली; पण मोडला असं म्हणण्याइतकं वजन त्यांच्याही माशाचं जास्त भरलं नाही. नवी बास बोट आज साठ-सत्तर हजार डॉलरच्या घरात सहज जाते.

पण पैशाचं नुकसान भरून येतं. जे भरून आलं नसतं ते एप्रिल २०१२ मध्ये घडणार होतं.

सकाळ उन्हाची होती, हवा छान होती. पाणी मात्र नुकतंच बर्फाखालून निघालेलं, जेमतेम सात अंश सेल्सियस. मी पुढच्या टोकाला वाकून अडकलेला गळ सोडवत होतो. बाजूने एक मोठी बोट गेली, तिची लाट आली आणि मी पाण्यात. मंडळी, मी सांगलीत कृष्णेत पोहायला शिकलेला माणूस आहे, आयर्विन पुलाच्या परिसरात मोठा झालेला. मला वाटायचं, मला काय होणार? पण गार पाण्यात पडल्यावर माणूस आधी पोहत नाही, त्याला धाप लागते. छाती आपोआप श्वास ओढते, आणि तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं. पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते सुमारे दहा मिनिटं. माझ्या बरोबरच्या मित्राने कॉलर धरून मला ओढलं म्हणून हा लेख लिहितो आहे. मी एकटा असतो तर?

लाइफ जॅकेट होतं ना! बोटीत माणशी एक असावं असा कायदा आहे, म्हणून होतं. सीटखाली, नवंकोरं, लेबलासकट. अंगात घालण्याची सक्ती आपल्या राज्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना आहे. मोठ्यांना अक्कल असते असं सरकार धरून चालतं. कोस्ट गार्डचे वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं तेच सांगतात: बोटीच्या अपघातात बुडून मेलेल्या दहा जणांपैकी आठ-नऊ जणांच्या अंगात जॅकेट नव्हतं. साठ डॉलरची ही वस्तू बोटीच्या हजारोंच्या किमतीपुढे आपल्याला फालतू वाटते. पोहता येत नसेल तर वाय.एम.सी.ए.त मोठ्यांचे वर्ग असतात; लाज न बाळगता जा. आणि धक्क्यावर किंवा खोल काठावर नातवंडं बरोबर असतील तर त्यांना तिथेही जॅकेट घाला.

आरोग्याच्या आणखी चार गोष्टी. गळाचा काटा चिमट्याने दाबून टाका. बोटात रुतला तर सुखाने निघतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. मधुमेह असेल तर अनवाणी पाण्यात उतरू नका, पायाला झालेली जखम कळत नाही. गवतातून आल्यावर घरी अंग नीट तपासा, लाइम रोगाच्या गोचिड्या आपल्याकडे भरपूर आहेत.

आणि खाण्याविषयी. आमच्या घरी कालवण आवडतं, तरी बास मी सोडून देतो. तो दुसरे मासे खाऊन वाढतो, त्यामुळे पारा त्याच्या मांसात साठत जातो. मासा जितका मोठा आणि म्हातारा तितका जास्त. पाइनलँड्सच्या आम्लधर्मी पाण्यात हे प्रमाण आणखी वाढतं. साल काढून किंवा जास्त शिजवून पारा जात नाही. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या ताटात हा मासा वाढण्याआधी राज्याचं पत्रक तळ्याच्या नावानिशी वाचा. १५ एप्रिल ते १५ जून, म्हणजे अंडी घालण्याच्या दिवसांत, आपल्या राज्यात बास सोडावाच लागतो. ओल्या हाताने धरा, पोटाखाली आधार द्या, झटकन पाण्यात सोडा.

माझी मुलगी आता पंचविशीची आहे. फोनवर तिचं-माझं बोलणं दोन मिनिटांत संपतं. पण घरी आली की रविवारी पहाटे माझ्याबरोबर तळ्यावर येते, आणि तिथे दोघंही पाण्याकडे बघत असताना ती आपण होऊन बोलते. नोकरी बदलायचा विचार तिने मला तिथेच पहिल्यांदा सांगितला. याचा हिशेब डॉलरमध्ये कसा मांडायचा मला माहीत नाही.

राज्य सरकार वर्षातून दोन दिवस विनालायसन्स मासेमारी करू देतं, त्यातला एक जूनमध्ये असतो. त्या दिवशी मी काउंटी पार्कच्या तळ्यावर असेन. माझ्याकडे दोन रॉड जास्त आहेत आणि सौ. थर्मासभर चहा देणार आहे. संक्रांतीला भेटलेल्या स्नेह्यांना मी आधीच फोन केला आहे. बोटीचा व्यवहार त्यांनी तेवढ्यापुरता थांबवला आहे. पोहण्याच्या वर्गाला नाव घालायचं मात्र अजून राहिलंय, म्हणाले. तेवढ्यासाठीच इथे, सर्वांसमक्ष, त्यांना पुन्हा एकदा गळ घालतो.