बोनस आणि वाटाघाटी

दसरा जवळ आला की आमच्या उज्जैन जंक्शनवर राबणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरी बोनसची वाट पाहिली जाते, खरेदीच्या याद्या होतात. हा बोनस कोणाच्या औदार्याने मिळालेला नाही, हे नव्या पिढीस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

८ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरातील रेल्वे कामगार संपावर गेले. बोनस ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. हजारोंना तुरुंगवास घडला, कित्येकांची बिऱ्हाडे क्वार्टरांतून रस्त्यावर आली आणि २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. संप हरला, मागणी मात्र टिकली. १९७९ साली रेल्वे कर्मचाऱ्यांना उत्पादकतेशी निगडित बोनस मंजूर झाला.

संघटना स्थापण्याचा अधिकार घटनेने दिला आहे. सरकारी नोकरांना संपाचा मूलभूत अधिकार मात्र नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले. गाड्या थांबल्या की महाकालेश्वराच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू वाटेत अडकतो, हे आम्हीही जाणतो. परंतु ज्याच्या हातचे शस्त्र काढून घ्यावयाचे, त्याच्याशी वेळीच बोलणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. त्यासाठी १९६६ साली संयुक्त सल्लागार यंत्रणा स्थापन झाली. वेतन-भत्ते, साप्ताहिक कामाचे तास व रजा यांवर तीत लवादाचीही सोय आहे. ती कागदावर राहू नये.

वाचकहो, यंदा बोनसची मिठाई वाटताना, १९७४ च्या त्या मे महिन्यात पगाराविना चूल पेटती ठेवणाऱ्या गृहिणींचे स्मरण घरोघरी व्हावे, एवढीच आमची विनंती.