खेळाचे प्रश्न आणि आपली मुले

खेळांवरील प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम टेलिव्हिजनवर लागला की घरातला मुलगा स्पर्धकाच्या आधीच उत्तर सांगून मोकळा होतो, आणि आई-वडिलांच्या मनात येते, याला तेथे पाठवायला हवे. सनाबिसच्या मराठी घरांतही याहून निराळे घडत नाही. विचार चांगलाच आहे. परंतु अशा कार्यक्रमाच्या निवड-चाचणीत कशाची पारख होते, आणि मुलास कोणती शिदोरी बांधून द्यावी, याचा विचार आपण फारसा करीत नाही. वाचकहो, आज त्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

आपल्या सर्वांच्या परिचयाचा कार्यक्रम घ्या. ‘कौन बनेगा करोडपति’ 2000 साली सुरू झाला. तेथे नाव नोंदविताना आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. बरोबर उत्तर देणारे असंख्य असतात. त्यांतून काही जण पुढे निवडले जातात, त्यांची सामान्यज्ञानाची परीक्षा होते, आणि मग मुलाखत. तुम्ही कोठले, काय करता, घरी कोण असते, पैसे मिळाले तर काय कराल? म्हणजे पहिली चाळण ज्ञानाची, पण दुसरी बोलण्याची आणि आपली हकिकत सांगण्याची. यात कोणी कोणास फसवीत नाही. लोकांची करमणूक करणे हा त्या मंडळींचा धंदाच आहे, आणि पडद्यावर कोण शोभेल हे ते पाहणारच.

म्हणूनच चाचणीत मागे पडलेला मुलगा अडाणी ठरत नाही. ही गोष्ट पालकांनी त्याला आधी सांगावी. निकाल लागल्यावर सांगितली तर ती केवळ समजूत वाटते. त्याचप्रमाणे, प्रवेशासाठी कोणी पैसे मागितले तर त्या वाटेस जाऊ नये. याच कार्यक्रमाच्या नावाने लाखोंची लॉटरी लागल्याचे खोटे निरोप पाठवून भामट्यांनी अनेकांना गंडविले आहे.

आता ज्ञानाकडे वळू. 2019 मध्ये बिहारचे सनोज राज एक कोटी रुपये जिंकून सात कोटींच्या प्रश्नापर्यंत पोहोचले. प्रश्न क्रिकेटचा होता. डॉन ब्रॅडमन यांनी कोणत्या भारतीय गोलंदाजाच्या चेंडूवर एक धाव काढून प्रथम श्रेणीतले आपले शंभरावे शतक पुरे केले? सनोज राज यांनी खेळ तेथेच थांबविला. उत्तर होते गोगुमल किशनचंद.

केवळ याद्या पाठ करणाऱ्यास हे नाव सापडणे कठीण, कारण किशनचंद हे मुळात फलंदाज. गोलंदाजांच्या यादीत त्यांना कोण शोधणार? पण नोव्हेंबर 1947 मधल्या सिडनीच्या सामन्याची हकिकत ज्याने वाचली आहे, तो हे नाव विसरणार नाही. भारत स्वतंत्र होऊन जेमतेम तीन महिने झालेले. ब्रॅडमन 99 वर आलेले. आणि कर्णधार लाला अमरनाथ चेंडू देतात तो किशनचंद यांच्या हाती! नाव एकटे राहिले तर पुसून जाते, गोष्टीला बांधले की टिकते.

अमेरिकेत ईएसपीएन वाहिनीवर 2004 ते 2006 या काळात एक कार्यक्रम होता. त्यात स्पर्धकांना हॉवी श्वाब या एकाच गृहस्थाला हरवायचे असे. हे श्वाब त्या वाहिनीत आकडे आणि माहिती जमविण्याचे काम करीत. वर्षानुवर्षे नोंदी चाळण्याची सवय हेच त्यांचे भांडवल. आठ दिवसांच्या घोकंपट्टीने अशा माणसासमोर उभे राहता येत नाही.

मग आपल्या मुलांची शिदोरी कोठून यावी? आमच्या मते ती घरातून यावी. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिले, असे विचारून पाहा. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या आजोबांना खाशाबा जाधव ठाऊक असतात, नातवाला आयपीएलच्या धावा ठाऊक असतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा 1952 मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकले. जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, असे सांगतात. त्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास 1996 साल उजाडावे लागले. ही हकिकत आजोबांनी सांगितली नाही, तर नातवाकडे उरेल ते एका ओळीचे उत्तर.

आणि ज्या बेटावर आपण राहतो त्याचे काय? मरियम जमाल 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 1500 मीटर शर्यतीत तिसरी आली. पुढे तिच्या पुढच्या दोघी उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणी बाद ठरल्या आणि सुवर्णपदक बहरीनकडे आले. 2024 मध्ये पॅरिसला बहरीनसाठी विनफ्रेड यावीने अडथळ्यांची शर्यत जिंकली आणि अख्मेद ताझुदिनोवने कुस्तीचे सुवर्णपदक मिळविले. सखीरच्या मैदानावर मोटारींची पहिली ग्रां प्री 2004 साली झाली. सनाबिसमध्ये वाढणाऱ्या मुलाने खाशाबांची कुस्ती आणि ताझुदिनोवची कुस्ती एका दमात सांगावी. अशी दुहेरी शिदोरी थोड्याच मुलांना लाभते. मुलाखतीत बोलण्यासारखे काही हवे असते ना? ते हेच.

काहीजण म्हणतील, अशा फुटकळ माहितीने परीक्षेत गुण वाढत नाहीत. खरे आहे. पण आजोबा आणि नातू यांना एका विषयावर तासभर बोलता येते, हा लाभ काय थोडा आहे?

तेव्हा शुक्रवारी सुटीच्या दिवशी दोन-चार कुटुंबांनी एकत्र बसावे. मोठ्यांनी आपल्या काळातले विचारावे, मुलांनी आपल्या काळातले. नियम एकच ठेवावा, उत्तराबरोबर त्याची गोष्टही सांगायची. बक्षिसाची गरज नाही. पुढे एखाद्याने निवड-चाचणीस अवश्य जावे, निवडला गेला तर आनंदच आहे. न निवडला गेला तरी जे जमविले ते कोणी काढून घेणार नाही.