डिलाईलमधला न बोललेला ‘स’

आमच्या शिरपुरात रेल्वे नाही, पण मुंबईशी संबंध नाही असे घरही सापडणे कठीण. परवा शेजारच्या मुलीला लोअर परळच्या एका कचेरीत नोकरी लागली आणि पत्त्याची चिठ्ठी ओट्यावर हातोहात फिरली. रस्त्याचे नाव इंग्रजीत होते. अक्षरे अशी: डी, ई, एल, आय, एस, एल, ई. कोणी वाचले ‘डेलिस्ले’, कोणी ‘डेलिसल’. मुलीच्या मामांनी चष्मा सावरून ‘डिलिस्लाय’ असा निकाल दिला. कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले आबा तेवढे म्हणाले, “अरे, तो डिलाईल रोड!” आबा 1982 च्या संपापर्यंत त्या भागातल्या गिरणीत होते. मामा हसले. “आबा, हा तुमचा गिरणीतला उच्चार झाला. मधला ‘स’ काय तुम्ही खाल्लात?”

‘स’ खाल्ला गेला हे खरे, पण तो आबांनी नव्हे. तो आठ-नऊशे वर्षांपूर्वी फ्रेंच लोकांनीच खाल्ला!

हे आडनाव मूळचे ‘द लिस्ल’, म्हणजे ‘बेटावरचा’. आपल्याकडे बेटकर व्हावे तसेच. नॉर्मन लोक 1066 साली इंग्लंडात उतरले, त्या सुमारास त्यांच्या तोंडी ‘ल’च्या आधीचा ‘स’ झिजत चालला होता. बोलण्यातून तो गेला, लिहिण्यात मात्र ठाण मांडून बसला. फ्रेंचांच्या अकादमीने 1740 च्या कोशात अशा मुक्या ‘स’ला निरोप दिला आणि त्याची आठवण म्हणून आधीच्या स्वराच्या डोक्यावर एक टोपी ठेवली. इंग्रजांनी उलटे केले. बेटासाठी त्यांचा जो घरचा शब्द होता, त्यात ‘स’ कधीच नव्हता. सोळाव्या शतकात फ्रेंच शब्दाकडे पाहून त्यांनी तो लिहिण्यात घुसवला. म्हणून आपली मुले ‘आयलंड’ पाठ करताना त्या ‘स’पायी अजून छड्या नाही, तरी गुण गमावतात.

इंग्रजांच्या तोंडी पुढे त्या ‘इ’चा ‘आय’ झाला आणि ‘लिल’चे ‘लाईल’ झाले. फ्रान्समध्ये अजून ‘लील’च म्हणतात. 1792 साली त्यांचे राष्ट्रगीत रचणारा रूजे हाही ‘द लील’च. पायमोज्यांसाठी पीळ देऊन गुळगुळीत केलेल्या सुताला इंग्रजीत ‘लाईल’ म्हणतात, तेही फ्रान्समधल्या लील शहरावरून. खानदेशच्या कापसाची बोंडे ज्या गिरण्यांत गेली, त्यांच्या वस्तीतल्या रस्त्यालाही तेच नाव असावे, ही गंमत मला फार आवडते.

तेव्हा आबांचा ‘डिलाईल’ हा अपभ्रंश नव्हे. इंग्रज घराण्यात ते नाव जसे उच्चारतात त्याच्या अगदी जवळचा तो उच्चार आहे. कारण उघड आहे. कामगारांनी ते नाव वाचले नाही, ऐकले. ज्याला पाटी वाचता येत होती तोच फसला.

अशी फसवी नावे इंग्रजीत पुष्कळ. लिहायचे ‘ब्यूशँप’, म्हणायचे ‘बीचम’. अर्थ, सुंदर शेत. मुंबईचे गव्हर्नर (1862 ते 1867) सर बार्टल यांचे आडनाव आपण ‘फ्रेरे’ वाचतो; म्हणायचे ‘फ्रिअर’. मुळात तो ‘भाऊ’ या अर्थाचा फ्रेंच शब्द. त्यांच्या नावाचा पूल ग्रँट रोड स्टेशनाला लागून आहे, आणि ‘ग्रँट’ म्हणजे फ्रेंचांचा ‘मोठा’. मोठा आणि भाऊ, दोघे शेजारी शेजारी! मुंबईला इतकी वर्षे दादा लाभला आणि कोणाला पत्ता नाही.

मात्र मामांचे ते हसणे मला खटकले. आमच्याकडे अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याला ‘डोया’ म्हणतात, जळगावला ‘जयगाव’. पुण्यामुंबईत या ‘य’वर हशा पिकतो. कॉलेजात गेलेली आमची मुले पहिल्या वर्षभर बोलायलाच कचरतात. काही तर घरी आल्यावर आजीच्या बोलण्याचीच लाज बाळगू लागतात. ‘स’ गिळला म्हणून ज्या साहेबाला आपण अस्सल समजतो, त्याच न्यायाने ‘ळ’ सोडणाऱ्या आजीला अडाणी का ठरवायचे? आणि उत्तरेकडचा ट्रक-ड्रायव्हर धुळ्याला ‘धुलिया’ म्हणतो, तेव्हा त्याचाही दोष नाही. इंग्रजांनी पाटीवर तसेच लिहून ठेवले होते. नाव कसे म्हणायचे ते त्या गावच्या माणसाला विचारावे, पाटीला नव्हे; आणि तो सांगेल तसे म्हणावे.

डिलाईल रोडला आता कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे नाव आहे, आणि ते शोभतेही. पण तिथला रेल्वेवरचा पूल 2018 साली बंद झाला आणि नव्याने बांधून 2023 च्या नोव्हेंबरात पुरता खुला झाला, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी ठळक अक्षरांत छापले ते ‘डिलाईल पूल’ असेच. ‘स’ कुठे गेला, असे एकाही वाचकाने विचारल्याचे माझ्या पाहण्यात नाही.